‘मोकळी जागा’ : दोन शब्दांची समीक्षा

समीक्षक कवितेची चिरफाड करतात. मी चंदगडचा, सूतगिरणीत राबणारा. मी एका सरकारी नियमाची करतो.

मुंबईचा १९९१ चा विकास नियम ५८. ढोबळ हिशेब असा : गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश बागा-मैदानांना, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली दुरुस्ती आली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जागेची. ज्या जमिनीवर शेड, खाती, गोदामं उभी, ती वाटणीतून बाद. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच की राव! मोकळं उरणार किती? २००६ ला सुप्रीम कोर्टानंही दुरुस्ती उचलून धरली. दोन शब्दांत शहराचा नकाशा फिरवणारा असा कवी आपल्यात नाही.

त्याच शेडांत चंदगड-आजऱ्याची माणसं राबली. गाळ्यात पाळीपाळीनं वळकटी पसरून झोपली. आणि आपल्या माणसाला तिथंही विणखातं बंद. तुटला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला. ‘कामगार सगळे एक’ म्हणणाऱ्यांना तो तेव्हा अडचणीचा वाटला.

फिनिक्स मिलचा मॉल झाला, चिमणी तेवढी राखली. देखणी आहे, खोटं कशाला बोलू? वास्तुकलेवाले तिला वारसा म्हणतात. वारसदार कर्जत-बदलापूरहून लोकलनं येतात.

आपल्या गावात विकास आराखडा लागला, की रंगीत नकाशा राहू द्या, आधी व्याख्या वाचा. हरकतीची मुदत थोडी असते.