लहान रेल्वे, खरी मापे

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावातून पुण्याला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जरूर दाखवावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. सिग्नल पडणे, सांधे बदलणे, एका गाडीने दुसरीसाठी थांबणे हे सारे तेथे डोळ्यांसमोर घडते. फळ्यावरच्या आकृतीला हे साधत नाही.

मात्र तेथे इतिहास शोधू नये. सर्कस आणि रज्जुमार्ग असलेले ते नगर कल्पनेतले आहे. प्रतिकृतीचे प्रमाण १:८७. या प्रमाणाच्या तयार रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ८७ने गुणल्यास सुमारे १४३५ येतात. हे युरोपातील माप झाले. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १९.३ हवे. हा फरक विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा. नाहीतर मौज उरते, मोजमाप निसटते.

याहून सोपा इतिहास आपल्या तालुक्यातच आहे. १९१४ साली सुरू झालेली दौंड-बारामती गाडी पूर्वी नॅरोगेज होती. रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागल्यास ८.८ येतात. बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ येथे जवळजवळ अचूक बसतात. रूळ परवडत नसतील तर पुठ्ठा आणि तार पुरे. स्थानक, डबे, माणसे यांची मापे गावातल्या वृद्धांना आणि जुन्या छायाचित्रांना विचारून ठरवावीत. अशी गाडी धावली नाही तरी चालेल. तिच्या प्रत्येक मापाचे कारण मुलांना सांगता आले पाहिजे.