संचाचे प्रकरण: चिन्हे शिकवली, प्रश्न राहून गेला

बालभारतीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नववीच्या गणित भाग १ मध्ये पहिलेच प्रकरण 'संच' हे आहे. यादी पद्धती, गुणधर्म पद्धती, वेन आकृत्या, उपसंच, विश्वसंच, पूरक संच, छेद, संयोग आणि घटकांची संख्या काढण्याचे सूत्र एवढे विषय त्यात येतात. मांडणी नीटस आहे, भाषा सोपी आहे. तरीही प्रकरण संपल्यावर 'संच म्हणजे काय?' असे विचारले तर पुष्कळदा 'महिरपी कंसात लिहितात तो' असे उत्तर मिळते. हा दोष एकट्या पुस्तकाचा नाही. शिकवणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. चिन्हे पोहोचतात, त्यांच्या मागचा प्रश्न पोहोचत नाही, असे आमचे मत आहे.

तो प्रश्न साधा आहे: अमुक एक वस्तू यात आहे की नाही? ज्या समूहाबाबत याचे नेमके उत्तर देता येते तो संच. 'वर्गातील हुशार मुले' हा संच नव्हे, एवढे सांगून आपण पुढे जातो. मग त्याचा संच करायचा झाल्यास काय करावे लागेल, हे मात्र विचारीत नाही. खरे शिक्षण तेथे सुरू होते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना याचे उदाहरण घरीच सापडेल. 'दुष्काळी गावे' हा संच नव्हे. एकाला गाव दुष्काळी वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. 'ज्या महसुली गावांची अंतिम पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आहे ती गावे' हा मात्र संच आहे. ४९ पैसे आत, ५१ पैसे बाहेर. बरोबर ५० असेल तर? 'पेक्षा कमी' आणि 'किंवा त्याहून कमी' या शब्दांत किती अंतर आहे, ते येथे मुलांना आपोआप कळते. टंचाई जाहीर झाली की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी अशा गोष्टी येतात. म्हणजे व्याख्येतील एका शब्दावर वर्गातल्याच एखाद्या मुलाची फी अवलंबून असू शकते. पुढे केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, जमिनीतील ओल, वनस्पतींची स्थिती असे निकष पुढे आणले. निकष बदलला की संच बदलतो. शिवार तेच असते.

विश्वसंचाची गतही अशीच होते. वर्तुळांभोवतीची चौकट एवढीच त्याची ओळख राहते. वरच्या उदाहरणात 'जिल्ह्यातील सर्व महसुली गावे' हा विश्वसंच आहे. तो ठरल्याशिवाय 'उरलेली गावे कोणती?' या प्रश्नाला अर्थच नाही. गणिताच्या इतिहासातही ही गोष्ट महागात पडली आहे. गेओर्ग कँटर यांनी १८७४पासून संच सिद्धांताची उभारणी केली. कोणताही गुणधर्म सांगितला की त्याचा संच होतो, असा तेव्हा समज होता. १९०१ मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी विचारले: 'जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सर्व संचांचा संच' हा स्वतःचा घटक आहे काय? आहे म्हणावे तर नसतो, नाही म्हणावे तर असतो! १९०८ मध्ये त्सेर्मेलो यांनी वाट दाखवली: गुणधर्माने हवेतून संच निर्माण करू नये, आधी मान्य असलेल्या संचातून घटक निवडावेत. आपला विश्वसंच म्हणजे या शहाणपणाचे शाळेतले रूप होय.

घटक आणि संच यांतील गोंधळ ही आणखी एक नेहमीची अडचण. त्यासाठी 'बुलढाणा' हे नावच घ्यावे. तो एक तालुका आहे, १३ तालुक्यांचा जिल्हा आहे, विधानसभेचा मतदारसंघ आहे आणि लोकसभेचाही आहे. नाव एक, वस्तू चार. संख्येचे सूत्रही येथेच पडताळता येते. जिल्ह्यात विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत: मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद. २००८च्या पुनर्रचनेनुसार रावेर लोकसभा मतदारसंघात ६ येतात: चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर, मलकापूर. छेद संचात एकटे मलकापूर. म्हणून संयोग संचात ७ + ६ − १ = १२ घटक. तो एक का वजा करायचा, हे मलकापूरच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाषेबाबत एक सावधगिरी. छेद म्हणजे 'आणि', संयोग म्हणजे 'किंवा', असे आपण पाठ करून घेतो. पण मैदानावर 'आठवीची आणि नववीची मुले उभी राहा' असे म्हटले की दोन्ही वर्ग उभे राहतात. म्हणजे हा 'आणि' संयोगाचा! 'नववीतील आणि चष्मा असलेली मुले' म्हटले की तोच 'आणि' छेदाचा होतो. म्हणून शब्दावर विसंबू नये. एका मुलाला उभे करून 'हा आत की बाहेर?' असे विचारावे.

दहावीत संभाव्यतेचा पाठ येतो. तेथे नमुना अवकाश हा संच असतो आणि घटना हा त्याचा उपसंच. पण नववीत केवळ कंस पाठ केलेला विद्यार्थी आपला जुना सोबती ओळखत नाही. शाळेबाहेरही हेच: १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहितीच्या साठवणीसाठी जी सारणीवजा रचना मांडली, तिचा पाया संचांचाच आहे. दोन याद्यांत असलेली नावे संगणकाने शोधली, की त्याने छेदच काढलेला असतो.

आमची सूचना एवढीच आहे. प्रकरणाच्या पहिल्या तासाला फळ्यावर कंस काढू नये. गावातील एखादी खरी यादी वर्गात आणावी आणि तीन प्रश्न विचारावेत: ही नावे कशातून निवडली? कोणत्या निकषाने? निकषाच्या काठावर कोण उभे आहे? या तिन्हींची उत्तरे शोधणाऱ्या मुलांना कंस केव्हा शिकवला याला फारसे महत्त्व उरत नाही.