बाळ घरी येण्याआधीचे दिवस

जन्म आणि मृत्यू ह्या दोन विषयांवर आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांनी उदंड लिहिले आहे. नाताळच्या अंकात पाळणा असतो, नोव्हेंबरच्या अंकात दफनभूमी असते. परंतु ज्या बाळाचा जन्म झाला आहे आणि तरीही जे अद्याप घरी आलेले नाही, त्याच्या आईबापांचे दिवस आपण कोणत्या सदरात घालणार? बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते, डॉक्टर त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, आई रिकाम्या हातांनी घरी परतते, पाळणा गुंडाळलेलाच राहतो. शेजारीण विचारते, ‘काय झाले, मुलगा की मुलगी?’ आणि उत्तर ठाऊक असूनही ते देताना आईची जीभ अडखळते. ह्या अडखळण्याचे साहित्य कसे असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही एका इटालियन कादंबरीचा आधार घेणार आहोत.

आरंभी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ही प्रतीक्षा पुरातन वाटत असली, तरी आजच्या स्वरूपात ती बरीचशी नवी आहे. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए ह्यांनी १८८० च्या सुमारास अंडी उबवण्याच्या यंत्रावरून अशक्त बालकांसाठी उबदार पेटी तयार करवून घेतली आणि ऊब मिळाल्याने कित्येक बालके तगली. पण फार आधी जन्मलेल्या बाळाचा श्वासच पुरत नसे आणि तेथे निकाल दोन-तीन दिवसांत लागे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडे अधिकच होते. जन्मानंतर लगेच त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याला बॉस्टनच्या बालरुग्णालयात नेण्यात आले आणि ३९ तासांनी तो गेला. जगातील सर्वांत सत्ताधीश पित्यालाही ह्याहून अधिक वेळ मिळाला नाही. अशा बालकांच्या फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारे द्रव्य अपुरे असते, हे मेरी एलेन एव्हरी ह्या डॉक्टरीणबाईंनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. परंतु ते द्रव्य बाहेरून देऊन बाळे वाचवल्याचे जपानच्या फुजिवारा ह्यांनी प्रसिद्ध केले ते १९८० साली. आज सुसज्ज रुग्णालयात पॅट्रिकच्या वजनाचे बाळ बहुधा वाचते आणि त्याच्या निम्म्या वजनाचेही पुष्कळदा वाचते.

वैद्यकाने मृत्यूला मागे रेटले, आणि जी जागा मोकळी झाली ती प्रतीक्षेने व्यापली. जगात दर दहा बालकांमागे सुमारे एक ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मते. त्यांतील फार लहानांना घरी येण्यास कित्येक आठवडे लागतात. पेटीबाहेर अंगाची ऊब टिकली पाहिजे, झोपेत श्वास थांबता कामा नये, वजन वाढले पाहिजे. शिवाय चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्या तिन्ही क्रियांचा मेळ बसला पाहिजे. हा मेळ साधारणपणे ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्याआधी कितीही नवस केले तरी बसत नाही. म्हणूनच ‘घरी कधी?’ ह्या प्रश्नाला डॉक्टर तारीख देत नाहीत. आजीबाईंच्या काळी भाषेला दोनच शब्द पुरत असत, जगले किंवा गेले. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही जुनी समजूत वैद्यकीयदृष्ट्या साफ चुकीची आहे, पण तीही निकालाचीच भाषा आहे. निकाल लागलेला नसताना कसे बोलावे, हे आपल्या भाषेला अजून शिकावयाचे आहे.

वालेरिया पारेल्ला ह्या नेपल्सच्या परिसरातील लेखिका. त्यांची ‘लो स्पात्सियो बियांको’ ही छोटेखानी कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. रोममधील अध्ययनकाळात झालेल्या इटालियनच्या ओळखीच्या बळावर आम्ही ती वाचली. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘पांढरी जागा’. मराठीत आपण ‘कोरी जागा’ म्हणू. कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. चाळिशी ओलांडलेली मारिया नेपल्समध्ये रात्रशाळेत प्रौढांना शिकवते. तिची मुलगी इरेने फार आधी जन्मते, आणि ती जगणार की नाही, जगली तर कशी, हे कोणीही सांगू शकत नाही अशा काळात मारिया दिवसामागून दिवस पेटीशेजारी बसून राहते. इरेने ह्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ शांती. शांतीची वाट पाहण्याची ही गोष्ट आहे, पण लेखिका ह्या योगायोगाचे भांडवल करीत नाही.

शीर्षक आले आहे ते रात्रशाळेतून. परीक्षेचा निबंध लिहिणारा एक प्रौढ विद्यार्थी मध्येच अडकतो. एका मुद्द्याकडून दुसऱ्याकडे कसे जावे ते त्याला उमगत नाही. मारिया त्याला सुचवते की, मध्ये थोडी कोरी जागा सोडावी आणि पुढचे लिहावयास लागावे. शिक्षिकेचा हा साधा सल्ला आहे, पण तो देणारी बाई स्वतःच आयुष्याच्या कोऱ्या जागेत उभी आहे. मागचे आयुष्य संपले आहे, पुढचे सुरू झालेले नाही आणि दोहोंना जोडणारे वाक्य तिच्यापाशी नाही. आमच्या मते कादंबरीचे सारे सामर्थ्य ह्या एका जाणिवेत आहे. लेखिका ती जागा भरून काढीत नाही. तेथे तत्त्वज्ञान घालीत नाही की अश्रूही घालीत नाही. रुग्णालयाचा दिनक्रम, इतर माता, यंत्रांवरचे आकडे, घरी जाऊन पुन्हा येणे, एवढ्यावरच ती पाने चालवते. आईला डॉक्टरांची भाषा येऊ लागते, हे मोठे मार्मिक निरीक्षण आहे. सुरुवातीला परके वाटणारे आकडे हळूहळू तिच्या दिवसाचा जमाखर्च होतात. अमुक ग्रॅम वाढले म्हणून दिवस चांगला, प्राणवायू वाढवावा लागला म्हणून दिवस वाईट. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांच्या घरी घडलेले नाही त्यांना ह्याहून प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

ह्या कादंबरीवर फ्रांचेस्का कोमेंचिनी ह्यांनी २००९ साली चित्रपट केला. तो त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मारियाची भूमिका मार्गेरिता बुय ह्या समर्थ अभिनेत्रीने केली आहे. तरी आमचे मत मूळ कादंबरीच्या बाजूने पडते. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि पेटीतल्या चिमुकल्या देहाचे नुसते दर्शनच प्रेक्षकाला इतके हेलावते की विचार मागे पडतो. पुस्तकात मात्र बाळ फारसे दिसत नाही, वाट पाहणे दिसते.

काही वाचकांना ही कादंबरी खटकेल, ह्याची आम्हांस कल्पना आहे. मारिया अविवाहित आहे, बाळाचा बाप दूर झाला आहे, आणि पुस्तक धर्मश्रद्धेचे नाही. ह्या कारणांसाठी ते बाजूला ठेवावे असे आम्हांस वाटत नाही. जी स्त्री कोणाच्याही आधाराविना रोज त्या पेटीशी जाऊन बसते, तिच्या निष्ठेला वेगळे प्रशस्तिपत्र लागत नाही. आमचा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. बाप नसल्यामुळे ही प्रतीक्षा एकट्या आईची होते आणि तिच्या निवेदनातला तिखट, उपरोधी सूर अनेकदा चिलखतासारखा वाटतो. आपल्याकडे वाट पाहणारे एकटे नसतात. दाराबाहेर ताटकळणारा बाप, डबा घेऊन आलेला दीर, मुलीला धीर देता देता स्वतः खचलेली आजी, आणि घरी ‘आमचे बाळ कुठे आहे?’ असे विचारणारे मोठे भावंड अशी सारी माणसे त्या कोऱ्या जागेत दाटीने उभी असतात. त्यांच्यात भांडणेही होतात, दोषही दिले जातात. ‘तू जिना चढलीस म्हणून’ हे एक वाक्य सुनेच्या काळजात किती वर्षे रुतून बसते, हे पाप-निवेदनाच्या जाळीआड बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नेपल्सची ही कादंबरी त्या दाटीविषयी काही सांगत नाही. ते लिहिण्याचे काम आपले आहे.

बापाच्या बाजूसाठी जपानकडे वळावे लागते. केन्झाबुरो ओए ह्यांना १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मुलगा हिकारी १९६३ सालीच, म्हणजे पॅट्रिक केनेडीच्याच वर्षी जन्मला. तो अपुऱ्या दिवसांचा नव्हता, त्याच्या डोक्यात गंभीर व्यंग होते. पुढच्याच वर्षी ओए ह्यांनी ‘अ पर्सनल मॅटर’ ह्या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी लिहिली. तिचा नायक बाळाला घरी आणू इच्छीतच नाही. बाळ रुग्णालयातच मरावे अशी वाट पाहत तो दारूत आणि परस्त्रीच्या सहवासात लपतो. अखेरीस तो परततो आणि बाळाचा स्वीकार करतो. हा शेवट युकिओ मिशिमांसारख्या समकालीनांना पटला नाही. आमच्या मते त्या नापसंतीत तथ्य आहे. दोनशे पाने पळणारा बाप शेवटच्या काही पानांत घरी पोहोचतो, आणि त्या दोहोंमधला रस्ता वाचकाला चालू दिला जात नाही. तरीसुद्धा बापाच्या मनात असाही विचार येऊ शकतो, हे न लाजता लिहिणारा लेखक आम्हांस मोठा वाटतो. पेटीसमोर उभ्या राहिलेल्या कित्येक सज्जन बापांच्या मनात ‘सुटले तर बरे’ हा विचार क्षणभर चमकून गेलेला असतो. पुढे आयुष्यभर ते त्याची शिक्षा स्वतःला देत राहतात. त्यांना कोणीतरी सांगावयास हवे की, हा विचार येणे म्हणजे प्रेम नसणे नव्हे.

आता आपल्या लेखनाकडे वळू. ह्या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा आभाराच्या किंवा साक्षीच्या स्वरूपात असते. बाळ सातव्या महिन्यात जन्मले, डॉक्टरांनी आशा सोडली, आम्ही नोव्हेना केली, बाळ घरी आले. कृतज्ञता हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु साहित्य म्हणून ह्या मजकुराचा दोष असा की, त्यातले तिसरे वाक्य संपताच चौथे येते. मधले साठ-सत्तर दिवस गळून पडतात. ज्या रात्री जपमाळेचे मणी हातात असून तोंडून शब्द फुटला नाही ती रात्र गळते. स्वतःचे दूध काढून बाटलीवर नाव घालून पाठवणारी आई गळते. पेटीत हात घालून बाळाच्या पाऊलभर अंगाला आईने प्रथम स्पर्श केला तो क्षण गळतो. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, ज्यांनी तीच नोव्हेना केली पण ज्यांचे बाळ घरी आले नाही, अशी कुटुंबे तोच अंक हातात घेऊन त्याच बाकावर बसलेली असतात. त्यांनी ह्या चार वाक्यांचा अर्थ कसा लावावा? त्यांची प्रार्थना उणी पडली, असाच ना? लिहिणाऱ्याच्या मनात तसे मुळीच नसते, पण वाक्यांच्या रचनेतून तो अर्थ निघतो. रचनेचा दोष येथे केवळ शैलीचा राहत नाही, तो दुसऱ्याच्या जखमेवर पडतो.

ख्रिस्तसभेला कोरी जागा अपरिचित नाही. शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार ह्यांच्या मध्ये तिने एक संपूर्ण दिवस रिकामा ठेवला आहे. पवित्र शनिवारी दिवसा मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. उद्या काय होणार हे आज आपल्याला ठाऊक आहे, तरी उपासना त्या दिवशी घाई करीत नाही. पहिल्या शनिवारी शिष्यांना ते ठाऊकही नव्हते. शुक्रवारचे वाक्य रविवारला तत्काळ जोडून टाकण्याचा मोह उपासनेने टाळला आहे. आमचे लेखक तो का टाळू शकणार नाहीत?

सामग्रीची वाण नाही. कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत, म्हणून १९७८ मध्ये डॉ. एडगर रेय ह्यांनी आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या नावाने ती आज जगभर आणि आपल्याकडेही चालते. मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभी राहिली. आशियातील ही पहिली दुग्धपेढी मानली जाते. एका आईचे दूध न पाहिलेल्या दुसरीच्या बाळाला मिळते, ह्याहून मोठा विषय लेखकाला आणखी कोणता हवा?

तेव्हा आमची विनंती अशी. ज्या घरांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी ते लिहावेत. बाळ घरी आले असेल तर आभार अवश्य मानावेत, पण आभाराच्या आधी ते दिवस एकेक करून मोजावेत. भीती वाटली असेल तर भीती लिहावी, देवाचा राग आला असेल तर राग लिहावा. स्तोत्रकर्त्यांनी दोन्ही लिहिले आहे आणि ख्रिस्तसभा ते आजही उपासनेत गाते. आणि ज्यांचे बाळ घरी आले नाही त्यांनीही लिहावे. त्यांच्या बाळाचेही दिवस होते, मग ते दोन असोत वा चाळीस. ते दिवस कोणी मोजले नाहीत, तर बाळ जन्मलेच नव्हते असे होईल. लेखणी आणखी काही करू शकली नाही, तरी तेवढे होऊ न देण्याचे काम तिच्याकडून व्हावे.