पंडिता रमाबाई आणि प्रोटेस्टंट धर्मविचाराचे साशंक वाचन

प्रस्तावना

लूथर आणि कॅल्व्हिन ही नावे आपल्या महाविद्यालयांत बहुधा इतिहासाच्या तासाला, धर्मसुधारणेच्या प्रकरणात भेटतात. १५१७ हे साल पाठ होते. त्यांचे ग्रंथ मात्र क्वचितच उघडले जातात. श्रद्धावंताला ते परधर्माचे वाटतात, तर विवेकवाद्याला कालबाह्य. या दोन्ही नकारांपलीकडे वाचनाचा काही मार्ग संभवतो काय, याचा शोध प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे घेतला आहे.

पत्रव्यवहारातील वाचक

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रसंवाद झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. पत्रांचे मूळ संकलन सिस्टर जेराल्डिन यांचे, म्हणजे वादातील एका पक्षाचेच आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.

ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनही रमाबाई त्रैक्याचा सिद्धांत निमूटपणे स्वीकारीत नाहीत. तो शास्त्रवचनांतून सिद्ध होतो काय, असे त्या विचारतात. भारतातील पुरोहितवर्गाचे जू झुगारल्यावर तसलेच दुसरे जू मानेवर घेण्यास त्या नकार देतात. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनी घेतलेली हरकतही त्यांना मान्य नाही. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसतो. बीलबाई मात्र शंकेला शंका मानून उत्तर देतात. एकाच संप्रदायातील या दोन प्रतिक्रिया मुळातून ताडून पाहण्यासारख्या आहेत.

येथे एक विरोधाभास लक्षात येतो. वाँटेजच्या भगिनी चर्चच्या परंपरेला प्रमाण मानणाऱ्या होत्या. उलट, शास्त्र आणि सदसद्विवेक यांनी पटविल्याशिवाय माघार नाही, ही १५२१ साली वर्म्सच्या सभेत लूथरने घेतलेली भूमिका रमाबाईंच्या पत्रांत अधिक दिसते. शिष्या गुरूंपेक्षा अधिक प्रोटेस्टंट ठरली, असे म्हणावे लागते.

साशंकता आणि खुलेपणा

हाच निकष मूळ ग्रंथकारांनाही लावावा लागेल. ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर १५२० मध्ये लिहिणारा लूथर १५२५ च्या शेतकरी उठावात सत्ताधीशांच्या बाजूने उभा राहिला आणि १५४३ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध विखारी लेखन केले. अंतरीचे स्वातंत्र्य समाजव्यवहारात का उतरले नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

कॅल्व्हिनचा पूर्वनियोजनाचा सिद्धांत याहून अवघड आहे. ईश्वराची निवड मनुष्याच्या कर्तृत्वावर अवलंबून नाही, हे मत कर्मसिद्धांतात वाढलेल्या वाचकाला अन्यायाचे वाटणे स्वाभाविक होय. परंतु पात्रतेने मिळते ती कृपा कशी, हा त्यामागील युक्तिवादही समजून घेतला पाहिजे. तो मान्य नसला तरी पोकळ नाही. मात्र वारकरी संतांची कृपा आणि कॅल्व्हिनची कृपा एकच, असा घाईचा निष्कर्षही काढू नये. पापाची आणि निवडीची कल्पना दोहोंकडे सारखी नाही.

रमाबाईंच्या बाबतीतही वाचक साशंक राहिला पाहिजे. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या पूर्वीच्या शंकाकुल काळाकडे अपुऱ्या श्रद्धेचा काळ म्हणून पाहतात. त्यांच्या या उत्तरकालीन साक्षीचा आदर राखूनही १८८५ च्या सुमाराच्या प्रश्नांचे स्वतंत्र मूल्य मान्य करावे लागते.

समारोप

हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला ही पद्धती परकी वाटू नये. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी, देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे नामदेवांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. या कथेत नामदेवांची भक्ती मोडत नाही, तिचा संकोच मोडतो. रमाबाईंच्या पत्रांतही प्रश्नामुळे श्रद्धा नाकारली जात नाही. तिचा आधार तपासला जातो. धर्मसुधारणेचे प्रकरण शिकविताना सनावळीसोबत लूथरची काही पाने आणि रमाबाईंचे एखादे पत्र वर्गात वाचले गेले, तर अनुयायी न होता आणि उपहासही न करता धर्मग्रंथ कसा वाचावा, याचा प्रत्यक्ष वस्तुपाठ विद्यार्थ्यांना मिळेल.