सीताबर्डीच्या पलीकडचे युद्ध

नागपूरकर भोसल्यांच्या अखेरच्या युद्धाविषयी मराठीत जे लिहिले व सांगितले जाते, त्याची मांडणी आम्हांस अपुरी वाटते. बहुधा ही कथा २६ व २७ नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपाशी थांबते. टेकडीवर कंपनीची दीड हजारांहून कमी फौज, समोर भोसल्यांचे कितीतरी मोठे सैन्य, आणि तरीही पराभव! मग सारा दोष अप्पासाहेबांच्या चंचल स्वभावावर ठेवून लेखक मोकळा होतो.

हा निवाडा अगदीच निराधार नाही. दरबारात एकमत नव्हते, आणि अप्पासाहेबांचे मन लढाई व तह यांत दोलायमान होते. परंतु राजधानी पडली की युद्ध संपले, ही दृष्टी जेत्याची आहे. ज्याच्या १८२६ च्या ग्रंथाने मराठ्यांच्या इतिहासाची घडण दीर्घकाळ ठरविली, तो ग्रँट डफ स्वतः त्या काळी कंपनीच्या लष्करात अधिकारी होता. ती दृष्टी आपण उसनी का घ्यावी?

वस्तुतः नागपुरातील अरबांनी २४ डिसेंबरचा हल्ला परतविला व अटी मान्य करवून ३० डिसेंबरला शहर सोडले. मे १८१८ मध्ये अप्पासाहेब शिपायाच्या वेषात कैदेतून निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आश्रय दिला. हर्रईचे चैनशहा त्यांच्या पक्षास मिळाले. जुलैत बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी नामशेष झाली. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड पडला, तेव्हा कुठे या युद्धाचा निकाल लागला.

गोमंतकीय वाचकांस हे सहज पटेल. डिसेंबर १९६१ ची कारवाई दीड-दोन दिवसांत आटोपली. पण १८५२ चे दीपाजी राणे यांचे बंड वगळून गोव्याच्या मुक्तीची कथा पुरी होईल काय?

मोहगाव-सौंसरचा मुलूख नागपूर आणि ते डोंगर यांच्या मधोमध वसला आहे. मोहगावी अर्धनारीश्वराचे देवस्थान आहे; तेथील भाविकाला अर्ध्या अंगाची मूर्ती पूर्ण म्हणून कोणी दाखवू शकणार नाही. इतिहासाच्या बाबतीतही हाच आग्रह हवा. अप्पासाहेबांचे दोष अवश्य सांगावेत. पण राजा खचल्यावरही जे लढत राहिले, त्या गोंडांना व अरबांना कथेबाहेर ठेवणे हा आमच्या मते लेखनदोष नव्हे, कृतघ्नपणा आहे.