प्रक्षेप, पाठभेद आणि मूळ संहिता : 'रोबोटेक'च्या निमित्ताने

१

संपादित कृतीविषयी बोलू लागताच समीक्षेची भाषा न्यायालयाची होते. मूळ कृती फिर्यादी, संपादक आरोपी, आणि समीक्षक न्यायासनावर! 'मोडतोड', 'विटंबना', 'विद्रूपीकरण' असे शब्द मग आपोआप येतात. जपानी ॲनिमे मालिकांच्या इंग्रजी आवृत्त्यांविषयी गेल्या काही दशकांत जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग या स्वरूपाचा आहे. तो अकारण नाही. 'गाच्चामान' (१९७२–७४) या १०५ भागांच्या मालिकेतून 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' (१९७८) ही ८५ भागांची मालिका तयार करताना हिंसेची दृश्ये वगळली गेली आणि पडलेली खिंडारे बुजविण्यासाठी मूळ कथेत नसलेला एक यंत्रमानव अमेरिकेत नव्याने चितारण्यात आला. 'स्टार ब्लेझर्स'मध्ये (१९७९) अंतराळनौकेवरील डॉक्टरांच्या हातातील साके हे 'झऱ्याचे पाणी' झाले. अशा उदाहरणांची यादी कितीही वाढविता येईल. तथापि यादी म्हणजे समीक्षा नव्हे. काय कापले, याची मोजदाद झाल्यानंतरही एक प्रश्न उरतोच : त्या संपादनाने कृतीच्या अर्थव्यवस्थेत नेमके काय बदलले?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः 'रोबोटेक' (१९८५) या एका मालिकेच्या आधारे करावयाचा आहे. ही मालिका निवडण्याचे कारण असे की, येथे कात्रीपेक्षा शब्दाने केलेले काम मोठे आहे. आणि शब्दाने केलेले काम कात्रीच्या कामापेक्षा ओळखण्यास कठीण असते.

२

प्रथम वस्तुस्थिती. 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' ही ३६ भागांची मालिका जपानमध्ये १९८२–८३ या काळात प्रक्षेपित झाली. हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीने तिचे इंग्रजी हक्क घेतले. मात्र अमेरिकेतील स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे दाखविता येईल, म्हणजे किमान ६५ भागांची, मालिका हवी असे. ३६ भाग या गणितात बसत नव्हते. कार्ल मेसेक यांनी त्यावर तोड काढली ती अशी : 'मॅक्रॉस'ला 'सदर्न क्रॉस' (१९८४, २३ भाग) आणि 'मोस्पिडा' (१९८३–८४, २५ भाग) या दोन मालिका जोडावयाच्या आणि तिन्ही मिळून तीन पिढ्यांची एकच कथा सांगावयाची. उपलब्ध दृश्यांतून एक सांधणारा भाग नव्याने रचण्यात आला आणि एकूण संख्या ८५ झाली.

या तीन मालिकांचा परस्परांशी कथात्मक संबंध नव्हता. 'सदर्न क्रॉस'ची घटनाभूमी पृथ्वी नव्हती, ग्लोरी नावाचा दूरचा ग्रह होता. इंग्रजीत ती पृथ्वी झाली. तिची नायिका जान ही 'डॅना स्टर्लिंग' बनली आणि 'मॅक्रॉस'मधील एका दांपत्याची कन्या ठरली. हिकारू इचिजो हा 'रिक हंटर' झाला, मिसा हायासे 'लिसा हेज' झाली. पार्श्वसंगीत बदलले, गाणी बदलली, आणि दृश्यांवर निवेदकाचा आवाज पसरला. मूळ मालिकेत जेथे पात्रे गप्प राहतात आणि प्रेक्षकालाही गप्प राहू देतात, तेथे इंग्रजी आवृत्तीत बहुधा कोणीतरी काहीतरी समजावून सांगत असते.

आपल्याकडील पाठचिकित्सेच्या परिभाषेत हे निवेदन म्हणजे प्रक्षेप होय. आणि प्रक्षेपाचे जे लक्षण महाभारताच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते येथेही आढळते. प्रक्षेप सहसा तेथे येतो जेथे नंतरच्या कथनकाराला मूळ कथन अपुरे वाटते, सांधा उघडा दिसतो, किंवा श्रोता गोंधळेल अशी भीती वाटते. म्हणून प्रक्षेप हा मूळ कृतीविषयी कमी आणि प्रक्षेपकाराने कल्पिलेल्या श्रोत्याविषयी अधिक सांगतो. 'रोबोटेक'चा निवेदक ज्या प्रेक्षकाशी बोलतो, तो शांततेला घाबरणारा, दुवा न दिल्यास वाट चुकणारा प्रेक्षक आहे. असा प्रेक्षक प्रत्यक्षात होता की नव्हता, हा वेगळा प्रश्न. संहितेत तो निर्माण केला गेला, एवढे खरे.

३

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 'मॅक्रॉस'मध्ये 'प्रोटोकल्चर' असा एक शब्द आहे. या शब्दाने तेथे एका अतिप्राचीन, लुप्त झालेल्या वंशाचा निर्देश होतो. मराठीत 'आद्य संस्कृती' असे म्हटल्यास मुळाच्या जवळ जाता येईल. झेंत्राडी या महाकाय योद्ध्यांना याच वंशाने केवळ युद्धासाठी निर्माण केले. त्यांना गाणे माहीत नाही, घर माहीत नाही. स्त्रिया आणि पुरुष यांचे तांडेही वेगळे. मानवांशी त्यांचे युद्ध जुंपते ते एका अपघाताने : पृथ्वीवर कोसळलेल्या परग्रहीय नौकेत शत्रूने पेरून ठेवलेला सापळा कार्यान्वित होतो आणि तिची तोफ आपोआप डागली जाते. पुढे या योद्ध्यांना जे विचलित करते, ते शस्त्र नव्हे. एका तरुण गायिकेचे गाणे आणि एक चुंबन यांनी त्यांचे व्यूह ढासळतात. युद्ध आणि संस्कृती हे परस्परांना न ओळखणारे दोन प्रदेश आहेत, आणि संस्कृतीशी नुसती गाठ पडणेही युद्धजीवी समाजाला पेलत नाही, हे 'मॅक्रॉस'चे आशयसूत्र. 'प्रोटोकल्चर' हा शब्द त्या आशयसूत्राचा कणा आहे. ज्यांनी संस्कृती नाकारलेले सैनिक घडविले, त्यांच्या नावातच संस्कृती आहे.

'रोबोटेक'मध्ये हाच शब्द राहिला, पण त्याचा निर्देश बदलला. तेथे 'प्रोटोकल्चर' म्हणजे एका फुलापासून मिळणारा ऊर्जास्रोत, थोडक्यात, इंधन. तीन असंबद्ध मालिकांना एका सूत्रात ओवण्यासाठी सर्वांना हवी असलेली एखादी वस्तू आवश्यक होती, ती ही. पहिले आक्रमक नौकेत दडलेल्या या ऊर्जेच्या रहस्यासाठी येतात, दुसरेही तिच्यासाठी, आणि तिसरे ज्या फुलापासून ती मिळते त्या फुलासाठी. अपघाताने सुरू झालेले युद्ध आता साधनसंपत्तीचे युद्ध झाले.

हे स्थित्यंतर कोणत्याही कात्रीने घडलेले नाही. एक चौकटही न वगळता, केवळ एका नामाचा अर्थ बदलून, कृतीचे कार्यकारण उलटे करता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. 'संस्कृती' या अर्थाच्या शब्दाला 'इंधन' हा अर्थ देणे ही घटना १९८०च्या दशकातील अमेरिकी कल्पनाविश्वाविषयी बरेच काही सुचविते. परंतु या सूचनेवर फार भार टाकू नये. मेसेक यांच्यापुढील अडचण प्रथमतः व्यावहारिक होती : ६५ भागांचा हिशेब. विचारधारा कित्येकदा हेतू म्हणून येत नाही. अडचणीवरच्या सर्वांत सोप्या तोडग्याच्या रूपाने येते. आणि कोणता तोडगा सोपा वाटावा, हे त्या त्या समाजाने आधीच ठरविलेले असते.

४

मात्र येथेच या संहितेची खरी गुंतागुंत सुरू होते. शब्द बदलला तरी चित्र बदलले नाही. गायिका गाते तेव्हा महाकाय योद्धे 'रोबोटेक'मध्येही स्तब्ध होतात. निवेदक इंधनाची कथा सांगत असतो आणि पडद्यावर संस्कृतीची कथा चाललेली असते. दोन कार्यकारणभाव एकाच वेळी, एकाच चित्रफितीवर नांदतात. काळजीपूर्वक पाहणाऱ्याला प्रश्न पडावा, की इंधनासाठी आलेले सैन्य गाण्याने का खचते? संपादित संहितेपाशी याचे समाधानकारक उत्तर नाही, कारण उत्तर ज्या शब्दात होते तोच तिने दुसऱ्या कामाला लावला आहे. पुसून पुन्हा लिहिलेल्या भूर्जपत्रावर जुनी अक्षरे अंधूक दिसावीत, तशी मूळ कृती येथे चित्राच्या बाजूने दिसत राहते. मुद्रित भाषांतरात हे घडत नाही. तेथे मूळ शब्द जातो तो पूर्णपणे जातो. ध्वनी बदलून चित्र राखणाऱ्या या प्रकाराला भाषांतरमीमांसेने स्वतंत्र स्थान द्यावयास हवे, ते याच कारणासाठी.

दुसरीही एक बाजू आहे. 'रोबोटेक'ने जे राखले, तेही नोंदविले पाहिजे. अठराव्या भागातील रॉय फोकरचा मृत्यू इंग्रजीत मृत्यूच राहिला. रॉय हा गोरा आणि त्याची प्रेयसी क्लॉडिया ही कृष्णवर्णीय. त्यांचे प्रेमही कायम राहिले. पृथ्वीचा जवळजवळ संपूर्ण विध्वंसही वगळला गेला नाही. याच्या उलट, दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, 'सेलर मून'च्या इंग्रजी आवृत्तीत पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग एकत्र करून एक केला गेला. मूळात ज्या चार मैत्रिणी एकामागून एक मरतात, त्या इंग्रजीत केवळ शत्रूच्या कैदेत पडतात. म्हणजे काळ पुढे सरकला तसतशी निष्ठा वाढत गेली, असा सरळ विकासक्रम येथे मांडता येत नाही. मुलींसाठीची मालिका आणि मुलांसाठीची मालिका यांना मृत्यू पेलण्याची वेगवेगळी पात्रता बहाल केली गेली काय, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे.

५

हे सर्व पाठभेद तपासता येणे शक्य झाले ते घरगुती व्हिडिओमुळे. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण एकदा होऊन जाते. कॅसेट थांबविता येते, मागे नेता येते, दुसरीशी ताडून पाहता येते. त्या अर्थाने कॅसेटने प्रक्षेपणाला संहितेचा दर्जा दिला. या इतिहासातील सर्वांत बोलकी वस्तू माझ्या मते स्ट्रीमलाइन पिक्चर्सने १९९०च्या दशकात काढलेला 'रोबोटेक परफेक्ट कलेक्शन' हा कॅसेटसंच होय. त्यातील कॅसेटवर 'रोबोटेक'चे भाग आणि त्यांच्याशी संवादी असलेले मूळ जपानी भाग, इंग्रजी उपशीर्षकांसह, एकत्र दिलेले होते. स्ट्रीमलाइनच्या दोन संस्थापकांपैकी एक स्वतः कार्ल मेसेक. ज्याने मूळ संहिता बदलली, त्यानेच ती आपल्या आवृत्तीशेजारी ठेवून प्रेक्षकाला तुलनेचे साधन दिले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (ती १९६६ मध्ये पूर्ण झाली), तेव्हा प्रक्षिप्त ठरविलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राखले. शतकानुशतके लोकांनी जे ऐकले ते 'मूळ' नसेल, पण ते घडलेले आहे, ही दृष्टी त्यामागे होती. वरील कॅसेटसंच हा नकळत त्याच तत्त्वाचा एक ओबडधोबड आविष्कार होता. फरक इतकाच की, महाभारताच्या संपादकांना मूळ आदर्श प्रत उपलब्ध नव्हती, ती अनुमानाने उभारावी लागली. येथे मूळ प्रत होती. फक्त ती प्रेक्षकाच्या आवाक्यात नव्हती.

हा आवाक्याचा मुद्दा नैतिकदृष्ट्या निर्णायक आहे. संपादित आवृत्तीच्या बाजूने आपल्याकडील रूपांतरांचा दाखला देता येईल. देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) हे 'ऑथेल्लो'चे रूपांतर. नावे, वातावरण सारे बदललेले, आणि त्याबद्दल कोणी देवलांना आरोपी ठरवीत नाही. पण 'झुंझारराव'ने 'ऑथेल्लो'ची वाट अडविली नाही. ज्याला मूळ नाटक हवे, त्याला ते मिळू शकत होते. 'रोबोटेक'चे तसे नव्हते. 'मॅक्रॉस'चे सर्व ३६ भाग उपशीर्षकांसह अमेरिकेत डीव्हीडीवर येऊ लागले ते २००१ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. शिवाय पुढील 'मॅक्रॉस' मालिकांपैकी बऱ्याच मालिका हार्मनी गोल्डच्या हक्कविषयक दाव्यांमुळे जपानबाहेर अधिकृतपणे पोहोचू शकल्या नाहीत. बिग वेस्ट या जपानी कंपनीशी २०२१ मध्ये करार झाला, तेव्हा ही कोंडी फुटली. रूपांतराने मूळ परंपरेच्या वाटेवर जकात बसवावी, असा हा प्रकार होता. आक्षेप घ्यावयाचा तर तो येथे घ्यावा. बदल करण्यात दोष नाही. बदललेली कृती एकमेव म्हणून समोर ठेवण्यात आणि मूळ कृतीला पर्याय म्हणूनही उरू न देण्यात दोष आहे.

६

आणखी एक घटक या विचारातून सुटू नये, तो म्हणजे आस्वादक. ज्या पिढीने 'रोबोटेक' आधी पाहिले, तिच्यासाठी रिक हंटर हेच मूळ नाव आहे आणि हिकारू हा नंतर भेटलेला पाठभेद. काळाच्या क्रमाने मूळ असणे आणि आस्वादाच्या क्रमाने मूळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा प्रेक्षकाला 'तू जे पाहिलेस ते खोटे होते' असे सांगणे हे समीक्षेचे काम नव्हे. तो अनुभव खराच होता. 'तू जे पाहिलेस त्यात दोन आवाज होते, आणि त्यांपैकी एकच तुला ऐकविला गेला', असे मात्र समीक्षेने त्याला सांगावयास हवे.

म्हणून संपादित आवृत्तीपुढे तीन प्रश्न ठेवणे उचित ठरेल. तिने काय वगळले, हा पहिला. जे राखले त्याचा अर्थ तिने कशाने बदलला, हा दुसरा आणि अधिक अवघड. आणि मूळ संहितेपर्यंत जाण्याची वाट तिने मोकळी ठेवली काय, हा तिसरा. 'कोणतीही काटछाट न केलेली आवृत्ती' असे वेष्टनावर छापलेले असले, तरी त्याने फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. 'प्रोटोकल्चर' हा शब्द एकही चौकट न गमावता कसा हरवला, ते पाहिल्यावर तेवढ्या उत्तरावर समाधान मानणे अभ्यासकाला परवडणारे नाही.