झटापटीचा पुरावा

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये यवतमाळच्या एका खटल्यावरील अपिलाचा निकाल दिला. फिर्याद जुलै 2013 ची, मुलीच्या आईने दिलेली. शेजाऱ्याने घरात शिरून बलात्कार केला असा आरोप. यवतमाळच्या विशेष न्यायालयाने 2019 मध्ये 10 वर्षांची शिक्षा दिली होती. न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी ती रद्द केली. त्याच महिन्यात त्यांनीच दिलेल्या, 'त्वचेला त्वचेचा स्पर्श' मागणाऱ्या दुसऱ्या निकालावर देशभर गदारोळ झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो फिरवला. या गदारोळात यवतमाळचा निकाल झाकला गेला. माझ्या मते बारकाईने वाचण्यासारखा आहे तो हाच. 'त्वचे'चा तर्क ऐकताक्षणीच विचित्र वाटत होता. यवतमाळच्या निकालातला तर्क मात्र ओळखीचा आहे. गावच्या पारावर सांगितला तरी चार माणसे मान डोलावतील.

तर्क असा : एकट्या माणसाने मुलीचे तोंड दाबायचे, तिचे कपडे काढायचे, स्वतःचे काढायचे आणि जबरदस्तीही करायची, हे झटापटीशिवाय जवळजवळ अशक्य. वैद्यकीय अहवालात झटापटीच्या खुणा नाहीत. म्हणून जबरदस्ती झाली असे मानता येत नाही.

निर्दोष सुटका चुकीचीच होती असे मी म्हणत नाही. बचाव संमतीचा होता, मुलगी 18 वर्षांच्या आतली असल्याचे सिद्ध झाले नव्हते, साक्षीदाराची उलटतपासणी न्यायालयापुढे होती. संशयाचा फायदा आरोपीला देण्यासाठी एवढे पुरले असते, तर तिथेच थांबता आले असते. निकाल तिथे थांबत नाही. तो हातांचा हिशेब मांडतो : दोन हात आणि कामे इतकी. या हिशेबात भीती कुठेच धरलेली नाही. दचकून जागे झालेले माणूस लढतेच असे नाही, ते थिजतेही. हे शरीराला ठाऊक आहे आणि तेव्हा कायद्यालाही ठाऊक होते. 3 फेब्रुवारी 2013 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम 375 मध्ये स्पष्ट लिहिले की, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने तिची संमती होती असे मानता येणार नाही. फिर्याद त्यानंतर जवळपास सहा महिन्यांनी दाखल झाली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही तीच तरतूद आहे.

खेद वाटतो तो याच खंडपीठाचा जुना इतिहास आठवला की. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेकाठच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 26 मार्च 1972 च्या रात्री एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. (कायद्याच्या पुस्तकांत तो तिच्या नावाने ओळखला जातो. पीडितेची ओळख छापण्यास 1983 पासून बंदी आहे. तिचे नाव त्याआधीच सर्वत्र झाले होते, तरी मी लिहीत नाही.) सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 रोजी शिक्षा दिली आणि शरण जाणे वेगळे, संमती वेगळी, हा भेद त्या निकालात नीट मांडला. असहायपणे गप्प राहिलेल्या शरीराला राजीखुशी म्हणता येत नाही, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 1978 रोजी तो उलटवला. कारण? अंगावर जखमा नाहीत. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांचे 1979 चे खुले पत्र, त्यातून उभे राहिलेले आंदोलन आणि 1983 ची कायदादुरुस्ती हा पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. फारसे बोलले जात नाही ते हे की, दिल्लीने जे नाकारले ते नागपूरने आधीच लिहून ठेवले होते. पंचेचाळीस वर्षांनी त्याच नागपूरने देसाईगंजचा जुना तर्क यवतमाळला लावला.

सगळा दोष न्यायमूर्तींच्या माथी मारणे मात्र सोपे आहे. न्यायाधीश कागदातून वाचतो आणि कागद ठाण्यात तयार होतो. मी वाचलेल्या घटनास्थळ पंचनाम्यांत पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणता रस्ता, ही चतुःसीमा जमिनीच्या खरेदीखतासारखी चोख असते. दाराला कडी होती का, दिवा होता का, हाक मारली तर कोणाला ऐकू गेली असती, हे मात्र ओळीभरातही नसते. झटापटीखेरीज दुसरे काही जमवलेलेच नसले, तर न्यायालय झटापटच शोधणार. वैद्यकीय तपासणीची हीच कथा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दुरवस्थेवर 2010 मध्ये सविस्तर अहवाल तयार केला, आणि तो प्रश्न जनहित याचिकेने याच नागपूर खंडपीठापुढे गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, दिसण्याजोग्या जखमा साधारण एक तृतीयांश प्रकरणांतच आढळतात, असे नमूद आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या सूचनाही जखमा नसण्याचा अर्थ संमती असा लावू देत नाहीत. अहवालात 'जखमा नाहीत' लिहिणाऱ्या डॉक्टरने पुढे 'त्यावरून जबरदस्ती झाली नाही असा निष्कर्ष निघत नाही' एवढे एक वाक्य जोडले, तर हातांच्या हिशेबाला तिथेच उत्तर मिळते.

त्याहून मोठी गोष्ट वयाची. मुलगी 18 च्या आत असेल तर संमतीची चर्चाच उरत नाही. 'पोक्सो' कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. पीडितेचे वयही बालन्याय नियमांच्या क्रमाने, म्हणजे आधी दहावीचे प्रमाणपत्र, मग पहिल्या शाळेची नोंद, मग ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि अखेर वैद्यकीय चाचणी असे ठरवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्येच सांगितले. आमच्याकडे नाव घालताना गुरुजींनी टाकलेल्या 1 जूनच्या तारखेवर वाढलेल्या पिढ्या आहेत. त्यामुळे तपास अधिकाऱ्याने शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, अंगणवाडीची वही आणि जन्मनोंद एकमेकांशी ताडून पाहिली पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात शौर्य नाही आणि बातमीही होत नाही. खटला मात्र त्यावर तरतो किंवा बुडतो.

याच जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागाबद्दल मराठी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे 'कुमारी मातांचा प्रश्न' लिहीत आली आहेत. बहुतेक मुली आदिवासी, त्यांत कोलाम अनेक. हा शब्दच पाहा. त्यात मुलगी आहे, मूल आहे. पुरुष गायब आहे. गुन्ह्याचे नाव 'प्रश्न' झाले की त्यावर तपास होत नाही, योजना निघतात : शिलाई यंत्र, घरकुल, अनुदान. ती मदत हवीच, पण 'कुमारी माता' म्हणून यादीत चढलेल्या मुलीचे गर्भधारणेच्या वेळचे वय किती होते, हा पहिला सवाल समाजकल्याणाचा नसून फौजदारी आहे. फिर्याद झालीच तर कोलामी बोलणाऱ्या मुलीचा जबाब 'सदर इसमाने लग्नाचे आमिष दाखवून' अशा ठाण्याच्या मराठीत उतरतो. पुढे साक्षीत ती स्वतःच्या शब्दांत बोलली की बचावपक्षाला 'विसंगती' सापडते. पोक्सोमध्ये दुभाष्याची सोय आहे. जबाब शक्यतो मुलीच्या घरी वा तिच्या पसंतीच्या जागी, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असेही त्यात आहे.

आणि फिर्यादीची वाटही पाहायची नाही. कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो कळवणे बंधनकारक आहे. त्यात डॉक्टर आले, परिचारिका आली, शिक्षक आले. अल्पवयीन मुलगी गर्भवती म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा नोंदवहीत तिचे वय लिहिले जाते. पतीच्या नावाचा रकाना रिकामा राहतो किंवा तिथे वडिलांचे नाव पडते. ती ओळ ठाण्यापर्यंत गेली, तर तपास झटापटीच्या खुणांपासून नव्हे, त्या रकान्यापासून सुरू होईल.